जाऊबाईंच्या हातचे पापड



खरं तर या वेळी लोणच्याच्या बरणीला बुरशी का धरते, यावर लिहायचं ठरवलं होतं. पण टपालात दोन पत्रं अशी आली की बरणी बाजूलाच ठेवावी लागली. एक पत्र शिरूरचं, दुसरं दौंडचं. दोघी एकमेकींना ओळखत असण्याचं काही कारण नाही. पण दोघींनी जे विचारलं आहे ते जवळजवळ एकच आहे आणि दोघींनीही पत्राच्या शेवटी ‘नाव छापू नका’ असं लिहून खाली रेघ मारली आहे. नावं छापत नाही, ओळख पटेल अशा खुणाही गाळते आहे.

शिरूरच्या बाईंचं एकत्र कुटुंब. थोरले दीर दोन वर्षांपूर्वी वारले. काय झालं होतं ते घरात कुणी उघड बोललं नाही. नंतर जाऊबाईंची तपासणी झाली, त्यात एचआयव्हीची लागण निघाली. आता त्या सरकारी गोळ्या घेतात, हिंडत्याफिरत्या आहेत, घरात पूर्वीइतक्याच राबतात. बाई लिहितात :

‘‘सासूबाईंनी त्यांचं ताट, तांब्या, वाटी वेगळी केली. स्वयंपाकघरात येऊ नको म्हणाल्या. यंदा उन्हाळ्यात त्यांनी दरवर्षीसारखे उडदाचे पापड लाटले, तेव्हा एकदा बोटाला चीर पडली होती. सासूबाईंनी तो सगळा डबा माळ्यावर टाकायला लावला. मुलं पापड मागतात. माझ्याही तोंडाला पाणी सुटतं, पण हात धजत नाही. सासूबाई म्हणतात, थोरल्याला बाहेरचं खाऊन हा रोग लागला आणि हिला त्याच्या उष्ट्यातून. आता आम्हाला हिच्या हातून. ताई, खरं सांगा, ते पापड खाल्ले तर चालतील का?’’

आधी उत्तर देते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. चालतील. खुशाल खा, मुलांना द्या, सासूबाईंनाही द्या.

आता ते का, ते सांगते. एचआयव्हीचा विषाणू माणसाच्या जिवंत पेशींत वाढतो, तेही रक्तातल्या काही ठराविक पांढऱ्या पेशींत. पिठात, पाण्यात, भाजीत, फळात त्याला वाढता येत नाही. उघड्यावर पडलेलं रक्त सुकायला लागलं की काही तासांतच त्यातले बहुतेक विषाणू निकामी होतात. ५६ अंश उष्णतेत अर्धा तास ठेवलं तरी तो टिकत नाही. तळणीचं तेल दीडशे अंशांच्या वर तापलेलं असतं. तुमचा पापड आधी चार दिवस वैशाखाच्या उन्हात वाळला, मग डब्यात राहिला आणि आता कढईत जाणार. कशाची भीती बाळगायची? आणि समजा काही कच्चंच पोटात गेलं, तरी तोंडातली लाळ त्या विषाणूला रोखणारी आणि पोटातलं आम्ल त्याला मारणारं. उष्ट्यानं, एका ताटात जेवल्यानं, एकाच तांब्यानं पाणी प्यायल्यानं, मिठी मारल्यानं, एकच संडास वापरल्यानं, डास चावल्यानं हा रोग होत नाही.

‘होत नाही’ हे नुसतं तोंडानं म्हटलेलं नाही. हा आजार नवा होता आणि डॉक्टरसुद्धा धास्तावलेले होते, तेव्हा अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात एक पाहणी झाली. १९८६ साली ती प्रसिद्ध झाली. एड्सच्या ३९ रुग्णांच्या घरातली, त्यांच्यासोबत निदान तीन महिने राहिलेली १०१ माणसं तपासली. गरिबांची, दाटीवाटीची घरं होती ती. एकच स्वयंपाकघर, तीच भांडी, तेच पेले. त्या १०१ जणांत फक्त एका लहान मुलात लागण सापडली, आणि ती त्याला जन्मतःच आईकडून आलेली असावी असा निष्कर्ष निघाला. ताटवाटीतून एकालाही नाही. त्यानंतर इतकी वर्षं लोटली, जगभर कोट्यवधी लोकांना लागण झाली. पण या आजाराच्या माणसानं रांधलेलं किंवा वाढलेलं अन्न खाऊन कुणाला तो झाला, अशी नोंद नाही.

आता तुम्ही विचाराल, भाजी चिरताना बोट कापलं तर? कोशिंबिरीत रक्ताचा थेंब पडला तर? ती कोशिंबीर टाकून द्या, जशी तुमचं बोट कापल्यावर टाकाल तशीच. रक्त पडलेलं अन्न कुणी खात नाही, ते कुणाचंही असो. जखमेवर पट्टी बांधा. विळी, पाट साबणानं धुवा. फरशीवर रक्त सांडलं असेल तर हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून पुसा आणि मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं पुसून घ्या. दाढीचं पातं आणि दात घासायचा ब्रश मात्र ज्याचा त्याचा वेगळा हवा. त्यांचा संबंध रक्ताशी येतो. सुईच्या पोकळीत बंद राहिलेल्या रक्तात हा विषाणू पुष्कळ दिवस तग धरू शकतो. म्हणून दवाखान्यात सुई नवी, तुमच्यासमोर पाकीट फोडलेली असावी. जी चौकसपणाची सवय आपण ताटवाटीवर खर्च करतो ती इथं कामी येईल.

खाण्याच्या बाबतीत दोन गोष्टींना मात्र अपवाद आहे, आणि त्या लपवणं बरोबर होणार नाही. पहिली, आईचं दूध. लागण असलेल्या आईकडून बाळाला पोटात असताना, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून लागण होऊ शकते. काहीच उपचार नसतील तर असं होण्याचं प्रमाण शंभरात पंधरा ते पंचेचाळीस इतकं असतं. आई नियमानं गोळ्या घेत असेल, बाळालाही औषध दिलं असेल, तर ते पाचाच्याही खाली येतं. म्हणून आपल्याकडे डॉक्टर अशा आईला गोळ्या चालू ठेवून पहिले सहा महिने फक्त अंगावरचंच पाजायला सांगतात. वरचं दूध आणि अंगावरचं अशी सरमिसळ करू नये. दुसरी गोष्ट आपल्या आज्यांची : घास स्वतः चावून मऊ करून बाळाला भरवणं. अमेरिकेत अशा रीतीनं लागण झाल्याची तीन बाळं आढळली, ती माहिती २००८ साली पुढं आली. भरवणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त येत असेल तर ते घासाबरोबर बाळाच्या तोंडात जातं. कुणाला काही आजार असो-नसो, बाळाला चावलेला घास देऊच नका. वरणभात बोटांनी कुस्करता येतो.

दौंडच्या बाईंचं पत्र आता घेते, कारण तेही खाण्याचंच आहे. त्यांच्या मोबाइलवर एक निरोप फिरत आला. केळ्यांत सुईनं एचआयव्हीचं रक्त भरतात, आत लाल रेघ दिसली तर ते केळं खाऊ नका. तसाच एक थंड पेयाच्या पाकिटाबद्दल, खाली ‘पोलिसांची सूचना’ म्हणून. दौंड म्हणजे जंक्शन, गाडी थांबली की खिडकीशी फळवाले. बाईंनी फलाटावरची केळी घेणंच सोडून दिलं. आणि मग त्याच भरात, पत्राच्या तिसऱ्या पानावर, हळूच लिहिलं आहे :

‘‘माझ्या मुलाच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचे आईवडील त्याच आजारानं गेले म्हणतात, मामाकडे असतो. आम्ही चार आयांनी मिळून मुलांना सांगितलंय की त्याचा डबा खायचा नाही, त्याला आपला द्यायचा नाही. माझा मुलगा रडला. म्हणाला, तो मला रोज शेंगदाण्याची चटणी देतो. मी बरोबर केलं ना?’’

केळ्याचं आधी सांगते. केळ्याच्या गाभ्यात लालसर तपकिरी रेघ दिसते ती झाडाला होणाऱ्या बुरशीच्या किंवा जिवाणूंच्या रोगानं. चवीला खराब लागलं तर टाका. रक्त घालून फळ विकायला ठेवलं तरी त्यात हा विषाणू जगणार नाही, हे वर आलंच आहे. ते निरोप वर्षानुवर्षं फिरताहेत. कधी केळं, कधी संत्रं, कधी पेय. फळ बदलतं, मजकूर तोच. पुढं पाठवू नका एवढंच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे. नाही बाई, तुम्ही बरोबर केलं नाही. तुमच्या मुलानं बरोबर केलं होतं.

हे दौंडलाच घडतं असं नाही. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी अशा मुलांसाठी ‘सेवालय’ उभं केलं. २००९ साली ती मुलं गावच्या शाळेत जायला लागली, तर पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवणं बंद केलं होतं. गोव्यात रिवणला २०१४ साली पालकांच्या तक्रारीवरून तेरा मुलांना शाळा सोडायला सांगण्यात आलं. दोन्हीकडे विरोध करणारे लोक वाईट नव्हते. आपल्या लेकरांच्या काळजीनंच ते तसं वागले. तुमच्यासारखेच, माझ्यासारखेच. पण काळजी चुकीच्या माहितीवर उभी असली की ती कुणाच्या तरी पोटावर पाय देऊनच पुढं जाते. तिकडे पंढरपूरला मंगलताई शहा यांनी अशाच मुलांना जवळ घेऊन ‘पालवी’ वाढवली, तिलाही आता वीस वर्षांहून जास्त काळ झाला. मुलांना जवळ घ्यायला छातीचा कोट करावा लागतो असं नाही. माहिती बरोबर असली की पुरतं.

‘माझ्यासारखेच’ असं लिहिलं ते शोभेसाठी नाही. नव्वदच्या दशकात आमच्या ओळखीतली एक बाई या आजारातून उठून भेटायला आली होती. मी तिला चहा दिला आणि ती गेल्यावर तो कप उकळत्या पाण्यात टाकून मोरीत पालथा घातला. पुढे पंधरा दिवस तो वापरला नाही. तिनं उठताना कप स्वतःच विसळायला नेला होता, हे मला फार उशिरा आठवलं. तिला माहीत होतं.

वेगळ्या कपाची ही खोड आपल्याकडे जुनी आहे. कुणाच्या जातीमुळं कप वेगळा, कुणाच्या क्षयामुळं पेला वेगळा, महारोग्याचं तर सगळंच वेगळं. आणि आपण बायका तर महिन्यातले चार दिवस स्वतःच बाजूला बसलेल्या, कोपऱ्यात सरकवलेलं ताट उचलून जेवलेल्या. ते कसं वाटतं हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आता शिरूरच्या पत्राकडे परत येते, कारण त्यातलं एक वाक्य मला पापडांहून जास्त टोचलं. ‘थोरल्याला बाहेरचं खाऊन लागला आणि हिला त्याच्या उष्ट्यातून.’ सासूबाईंवर मी रागावत नाही. ज्या आईचा मुलगा गेला तिला काहीतरी कारण हवंच असतं, आणि ढाब्यावरचं जेवण हे चारचौघांत सांगता येण्याजोगं कारण आहे. पण ते खरं नाही. हा आजार लागतो शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, वापरलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला. बाहेरच्या मिसळीनं पोट बिघडेल, एचआयव्ही होणार नाही.

पुण्यातलीच एक गोष्ट सांगते. भोसरीला ‘नारी’ ही राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ साली निघाली. तिथले डॉ. रमण गंगाखेडकर – करोनाच्या वेळी, २०२० साली, दूरदर्शनवर आपण ज्यांना रोज पाहत होतो तेच – त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांची तपासणी केली. त्यांतल्या ३९१ जणी धंदा करणाऱ्या नव्हत्या. बहुतेक तुमच्याआमच्यासारख्या, लग्न झालेल्या, नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष ठाऊक नसलेल्या. त्यांतल्या १३.६ टक्के बायकांना एचआयव्हीची लागण झालेली होती. हा दवाखान्यात आलेल्या बायकांचा आकडा आहे, सगळ्या शहराचा नव्हे. तरी १९९७ साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा डॉक्टर मंडळी हादरली. या बायकांनी कुठं काही वावगं खाल्लं नव्हतं. घरचंच खाऊन, घरातच राहून त्यांना हे झालं होतं.

म्हणून ‘उष्ट्यातून झालं’ ही गोष्ट मला पापडाच्या डब्यापेक्षा धोक्याची वाटते. एकदा ती खरी मानली की जाऊबाई दोषी ठरतात आणि घरातल्या बाकीच्या सुनांना कधी तपासणी करून घ्यावी असं सुचतही नाही. बाई निर्धास्त राहते, कारण तिनं ताट वेगळं केलेलं असतं. नवऱ्याशी हे कसं बोलायचं, हा मोठा कठीण प्रश्न आहे, मला ठाऊक आहे. घटकाभरात सुटणारा नाही. पण तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातलं तपासणी केंद्र – ‘आयसीटीसी’ अशी पाटी असते – तिथं तपासणी फुकट होते, नाव गुप्त ठेवतात आणि आधी समुपदेशक बाई बोलतात. गरोदर बाईची तपासणी तर करायलाच हवी, म्हणजे बाळ वाचवता येतं. दोघांपैकी एकाला लागण असेल तर निरोध वापरायचा. एकटीला विचारायचं असेल तर १०९७ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत.

जाऊबाईंच्या गोळ्यांबद्दलही सासूबाईंना सांगा. २००४ सालच्या एप्रिलपासून सरकार ही औषधं फुकट देतं. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी घ्यावी लागते. ती न चुकता घेतली की रक्तातला विषाणू इतका कमी होतो की तपासणीत सापडत नाही, आणि तो तसाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातूनसुद्धा दुसऱ्याला लागण होत नाही. मग पापडाचं काय घेऊन बसलात!

भीती बाळगायचीच असेल तर ती उलट्या दिशेनं बाळगा. जाऊबाईंच्या हातच्या अन्नानं तुम्हाला काही होणार नाही, पण घरातल्या अस्वच्छ अन्नानं जाऊबाईंना होऊ शकतं. त्यांची प्रतिकारशक्ती कमी झालेली असेल तर तुम्हाला एका दिवसात बरं वाटेल ती हगवण त्यांना अंथरुणाला खिळवेल. शिरूरची घोडनदी असो की दौंडची भीमा, आषाढात नदीला नवं गढूळ पाणी आलं की घरातलं पिण्याचं पाणी सगळ्यांसाठीच उकळा. निरसं दूध त्यांना देऊ नका. मटकीला मोड आणलेत तर वाफवून द्या, कच्ची नको. अंडं पुरतं उकडलेलं, मटण पुरतं शिजलेलं. शिळं वाढू नका. घरातल्या बाईनं शिळं खायचं ही रीत निदान त्यांच्यापुरती मोडा. वाढण्याआधी हात धुवा – त्यांनी नव्हे, तुम्ही. घरात कुणाला पंधरा दिवसांवर खोकला असेल तर त्याला तपासायला पाठवा, कारण या आजारात क्षय चटकन गाठतो. भूक मंदावली असेल तर एकदम भरलं ताट पुढं करण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या : नाचणीचं सत्त्व, मुगाची खिचडी तुपाची धार सोडून, शेंगदाण्याचा लाडू.

आणि सासूबाई अगदीच ऐकत नसतील तर कायदाही आहे. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ साली झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. लागण आहे म्हणून नोकरी, शाळा, भाड्याचं घर नाकारता येत नाही. राहत्या एकत्र घरातून किंवा घराच्या एखाद्या भागातून अशा बाईला बाजूला करता येत नाही, हेही त्यात आहे. स्वयंपाकघर हा घराचाच भाग. तिच्या संमतीवाचून तिचा आजार गावभर करता येत नाही. दौंडच्या बाईंनी हे वाक्य दोनदा वाचावं. त्या मुलाच्या मामानं शाळेत कुणाला काही सांगितलं नसताना चार आयांना ते कळलं कसं? त्याचा माग काढू नका, फक्त तुमच्यापाशी ते थांबवा. आणि उद्या डब्यात एक पोळी जास्त घाला.

शिरूरच्या बाई, कायद्याचं बोलण्याआधी एक करून बघा. सासूबाईंना घेऊन रुग्णालयातल्या त्या समुपदेशक बाईंकडे जा. आपल्या तोंडून ऐकलेलं त्यांना पटणार नाही, सुनेचं कोण ऐकतं, दवाखान्यातलं पटेल. तोवर तुम्ही एका संध्याकाळी जाऊबाईंच्या शेजारी पाट मांडून जेवायला बसा. काही बोलायची गरज नाही. मुलं बघतील.

पापडाचा डबा मात्र आजच माळ्यावरून काढा. पावसाळी हवेनं पापड सादळले असतील. उघडीप मिळेल त्या दिवशी तासभर उन्हात पसरा; ऊन नसेल तर तवा कोमट करून त्यावर उलटसुलट फिरवून घ्या. डबा कोरडा पुसून तळाला कागद घाला, दोन-चार मिरे टाका आणि झाकण घट्ट लावा. तळताना तेल चांगलं तापू द्या, नाहीतर उडदाचा पापड फुलत नाही आणि तेल पितो. कितपत तापवायचं ते जाऊबाईंनाच विचारा, पापड त्यांचे आहेत.